मुंबईत बसून बंगालच्या गावातला कागद कसा मिळवायचा

तुमच्या कारखान्यात, सोसायटीत किंवा घरी काम करणाऱ्या बंगाली माणसाला गावाकडून एखादा दाखला हवा असेल, तर फोन लावण्याआधी त्याच्याकडून पूर्ण पत्ता लिहून घ्या. गावाचं नाव आणि जिल्हा एवढ्यावर काम भागत नाही. गाव, पाडा, पोस्ट, थाना (पोलीस ठाणं), ग्रामपंचायत, ब्लॉक (आपल्या तालुक्यासारखा), महकुमा (उपविभाग), जिल्हा, पिनकोड आणि माहीत असेल तर मौजाचा, म्हणजे महसुली गावाचा, जे.एल. नंबर, असं सगळं एका कागदावर उतरवा. ज्याला हे सांगता येत नाही त्याला गावी आईला नाहीतर भावाला फोन लावायला सांगा. एवढी मेहनत आधी केली की पुढचे पुष्कळ हेलपाटे वाचतात.

मी रत्नागिरी जिल्ह्यात ग्रामसेविका होते. निवृत्तीनंतर गिरगावात मुलाकडे राहायला आले. आमच्या मागच्या गल्लीत सोन्याच्या कारागिरांचे गाळे आहेत. तिथली बरीच मुलं पश्चिम मेदिनीपूर जिल्ह्यातल्या घाटाल महकुम्यातली, दासपूरकडची. माल झवेरी बाजारातल्या पेढ्यांचा, हात यांचे. त्यांचे अर्ज लिहून देता देता मी तिथल्या पंचायतीचं काम समजून घेतलं, आणि पुढे एका कारागिराच्या बहिणीच्या लग्नाला त्यांच्या गावीही जाऊन आले. नवरीकडची मंडळी लग्नाच्या गडबडीत आणि मी पंचायतीच्या कचेरीत दप्तर बघत बसलेली. ते दप्तर बघितल्यामुळेच हे सगळं खात्रीनं लिहू शकते.

आपल्याकडच्या सवयीनं सगळ्यात मोठा घोळ होतो तो गाव आणि पंचायत एकच समजल्यामुळे. महाराष्ट्रात सत्तावीस-अठ्ठावीस हजार ग्रामपंचायती आहेत. पश्चिम बंगालमध्ये साधारण तेहेतीसशे. 2011 च्या जनगणनेत बंगालची ग्रामीण लोकसंख्या 6 कोटी 22 लाख होती, म्हणजे भागाकार केला तर एका पंचायतीच्या वाट्याला सरासरी अठरा हजारांवर माणसं येतात. आपल्याकडे एवढ्या वस्तीची पंचायत म्हणजे मोठं बाजाराचं गाव. तिथे एका पंचायतीत अनेक गावं असतात आणि पंचायतीचं नाव त्यातल्या एखाद्याच गावाचं असतं. त्यामुळे कारागीर जे गाव सांगतो त्या नावाची पंचायत शोधायला जाल तर ती बहुतेक वेळा सापडणारच नाही. पोस्टाचं नाव आणखी तिसरंच असतं, थान्याचं चौथं.

वरची उतरंड मात्र ओळखीची आहे. 1973 च्या कायद्यानं तिथेही तीन पायऱ्या आहेत: ग्रामपंचायत, ब्लॉकला पंचायत समिती, जिल्ह्याला जिल्हा परिषद. या कायद्याखालची पहिली निवडणूक 1978 मध्ये झाली. पंचायतीचा प्रमुख तो प्रधान, आणि त्याला निवडून आलेले सदस्य आपल्यातून निवडतात. निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होते, आपल्या ग्रामपंचायतीसारखी पक्षचिन्हाविना नाही. म्हणून तिथला सदस्य उघडपणे कुठल्यातरी पक्षाचा असतो. फोनवर त्या विषयात अजिबात शिरू नका. कारागिराच्या घरचे कुठल्या बाजूचे आहेत हे तुम्हाला माहीत नसतं, आणि तुमच्या एका वाक्यानं त्याचं काम अडू शकतं.

प्रधान सही करतो, पण दप्तर सांभाळणारे वेगळे असतात. कचेरीत एक्झिक्युटिव्ह असिस्टंट असतो, सचिव असतो, बांधकामाचं बघणारा निर्माण सहायक असतो. आपल्याकडे ग्रामसेवक एकटा जे करतो ते तिथे पहिल्या दोघांत वाटलेलं आहे. नोंद शोधायची असेल तर यांच्याशी बोला. प्रधानाचा मोबाइल नंबर मिळवून त्यालाच रोज फोन करणारे लोक मी पाहिलेत. रजिस्टर उघडून बघणारा माणूस दुसऱ्या टेबलावर बसलेला असतो.

ब्लॉकच्या कचेरीत बसतो तो बीडीओ. हे पद आपल्या गटविकास अधिकाऱ्याचं वाटतं, पण काम त्याहून जास्त आहे, कारण आपल्यासारखं तहसील कार्यालय तिथे नाही. तहसीलदाराकडची बरीच कामं बीडीओ बघतो. जमिनीचं खातं मात्र वेगळं, त्याची कचेरीही वेगळी. तिला सगळे बीएलआरओ म्हणतात. महकुम्याचा अधिकारी, एसडीओ, म्हणजे आपले प्रांत. अनुसूचित जाती, जमाती आणि ओबीसीचा दाखला एसडीओच्याच सहीनं मिळतो. प्रधानानं लेटरहेडवर जात लिहून दिली तर ती शिफारस समजा, जातीचा दाखला समजू नका.

आता मुख्य गोष्ट. ग्रामसेविका म्हणून मी जे शिकले ते एवढंच की दाखला मागण्याआधी नोंद शोधावी. दाखला म्हणजे रजिस्टरातल्या ओळीची नक्कल. ओळच नसेल तर वर कितीही शिक्के मारले तरी कागद टिकत नाही. प्रधानानं दिलेला रहिवासाचा दाखला भाड्याच्या खोलीला, बँकेला, नोकरीला चालतो आणि तो ठेवावाच. पण पोलीस चौकशीत ‘हा माणूस खरोखर तिथलाच का’ असं विचारलं जातं तेव्हा एकट्या त्या कागदावर भिस्त ठेवू नका. आधार कार्डही नागरिकत्वाचा पुरावा नाही, तसं आधारच्या कायद्यातच लिहिलेलं आहे. अशा वेळी आजोबांच्या नावाची जमिनीची नोंद, आईवडिलांचं नाव असलेली जुनी मतदारयादी आणि त्याचा स्वतःचा शाळेचा कागद, अशी एकमेकांना जोडणारी कागदपत्रं हवीत.

हे मी उगाच भीती घालायला सांगत नाही. जून 2025 मध्ये मुंबई परिसरातून पकडलेल्या पश्चिम बंगालच्या काही मजुरांना बांगलादेशच्या सीमेपलीकडे धाडलं गेलं आणि ते भारतीय असल्याचं उघड झाल्यावर त्यांना परत आणावं लागलं. त्या बातम्यांनंतर आमच्या गल्लीतली मुलं रात्री खाली चहाला यायची बंद झाली. कामाला माणूस ठेवणाऱ्यानं अशी वेळ येण्याआधीच त्याचे कागद जमवायला मदत करावी, असं मला मनापासून वाटतं. तुम्ही त्याच्या हातचं काम घेता, मग एवढं बघणं तुमचंही काम आहे.

मतदारयादीपासून सुरुवात करा, कारण ती फुकट आणि घरबसल्या मिळते. बंगालमध्ये मतदारयादीची आधीची सखोल तपासणी 2002 मध्ये झाली होती, आणि 2025 च्या नोव्हेंबरात पुन्हा तशी तपासणी सुरू झाली तेव्हा तीच यादी आधार धरली गेली. राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्याच्या संकेतस्थळावर ती जिल्हा, विधानसभा मतदारसंघ आणि मतदान केंद्रानुसार ठेवलेली आहे. यादी बंगाली लिपीत असते, म्हणून शोधताना कारागिराला शेजारी बसवा. दोन गोष्टी लक्षात ठेवा. 2002 नंतर मतदारसंघांची फेररचना झाली आहे, त्यामुळे आजच्या मतदारसंघात गाव सापडलं नाही तर शेजारचे जुने मतदारसंघ बघा. आणि जिल्हेही बदललेत. मेदिनीपूर जिल्हा 1 जानेवारी 2002 ला पूर्व आणि पश्चिम असा विभागला, पश्चिम मेदिनीपूरमधून 2017 मध्ये झाडग्राम वेगळा झाला, बर्धमानचेही त्याच वर्षी दोन जिल्हे झाले. आजोबांच्या कागदावर नुसतं ‘मेदिनीपूर’ असेल आणि नातवाच्या आधारवर ‘पश्चिम मेदिनीपूर’, तर ती चूक नव्हे. चौकशी करणाऱ्याला हे शांतपणे समजावून सांगता आलं पाहिजे.

यादीत आईवडिलांचं नाव सापडलं की ते पान, पहिलं पान आणि मतदान केंद्राचं नाव असलेलं पान, अशी तिन्ही छापून घ्या. नुसत्या नावाच्या ओळीचा फोटो कुणी मानत नाही.

जमिनीची नोंद

इथे मी जरा थांबणार आहे, कारण सात-बारा वाचता येणाऱ्या मराठी माणसाला हे काम सगळ्यात लवकर जमतं.

‘बांग्लारभूमि’ या सरकारी संकेतस्थळावर जिल्हा, ब्लॉक आणि मौजा निवडला की खतियान नंबर किंवा दाग नंबर टाकून नोंद बघता येते. दाग म्हणजे जमिनीचा तुकडा, आपला गट नंबर. खतियान म्हणजे एका माणसाच्या नावावरचं खातं, त्यात त्याचे सगळे दाग येतात. आपल्या आठ-अ च्या जवळचं. त्याच्या उताऱ्याला गावात परचा म्हणतात. मौजाला जे.एल. नंबर असतो आणि तो थान्यानुसार दिलेला असतो. एकाच नावाचे मौजे दोन थान्यांत असू शकतात, म्हणून थाना चुकला की पुढचं सगळं चुकतं.

पुष्कळ लोक अडतात ते नंबरांवर. घरी ट्रंकेत असलेल्या जुन्या खरेदीखतावर आर.एस. दाग नंबर असतो, आणि संकेतस्थळावरची चालू नोंद एल.आर. दागाची असते. ही दोन वेगवेगळ्या मोजण्यांची नावं आहेत. जुना नंबर टाकला की भलत्याच माणसाची जमीन समोर येते आणि घरचे घाबरतात, कुणी बळकावली म्हणून. घाबरायचं कारण नाही. त्याच संकेतस्थळावर आर.एस. नंबरावरून एल.आर. नंबर काढायची सोय आहे. आधी तो काढा, मग नोंद बघा.

क्षेत्र शतकात मोजतात. शंभर शतकांचा एक एकर, म्हणजे आपला एक गुंठा अडीच शतकांचा. लोक बोलताना बिघा आणि कठ्ठा म्हणतात. वीस कठ्ठ्यांचा बिघा, आणि बिघा साधारण तेहेतीस शतकांचा, म्हणजे तेरा गुंठ्यांच्या आसपास. कारागीर ‘दोन बिघे आहेत’ म्हणाला आणि परच्यावरचं क्षेत्र 66 शतक, म्हणजे 0.66 एकर, भरलं तर बरोबर आहे.

आजोबा वारले पण खातं त्यांच्याच नावावर, असं बहुतेक घरांत असतं. पुराव्यासाठी ते चांगलंच, पण वारसांची नावं लावून घेणंही जरुरीचं. त्यासाठी पंचायतीकडून वारसांचा दाखला घ्यायचा, मृत्यूचा दाखला जोडायचा आणि फेरफारासाठी अर्ज करायचा. तिथे त्याला मिउटेशन म्हणतात. अर्ज ऑनलाइन होतो, पण सुनावणीची तारीख लागते आणि त्या दिवशी बीएलआरओच्या कचेरीत घरचं माणूस हजर असावं लागतं. मुंबईच्या कारागिरानं रेल्वेचं तिकीट त्या तारखेच्या हिशोबानं काढावं. वारसांच्या दाखल्यात बहिणींची नावं आहेत ना, हे मी प्रत्येक वेळी विचारते. लग्न होऊन गेलेली बहीण वारस असतेच, आणि तिचं नाव गाळलेला दाखला पुढे भावालाच गोत्यात आणतो.

जन्माची नोंद

जन्म जिथे झाला तिथेच त्याची नोंद होते. कायदा 1969 चा, सगळ्या देशाला एकच. कारागिराचं मूल नायर किंवा कामा रुग्णालयात जन्मलं असेल तर दाखला मुंबई महापालिकेकडून मिळेल, आणि तोच खरा. गावी गेल्यावर ‘इथलाही काढून ठेवू’ म्हणून कुणी दुसरी नोंद करायला सांगितलं तर साफ नाही म्हणा. दोन ठिकाणचे दोन दाखले असलेलं मूल पुढे पासपोर्टच्या वेळी अडकतं.

बायको बाळंतपणासाठी गावी जाणार असेल तर नोंद तिकडे होईल. सरकारी दवाखान्यात बाळंतपण झालं तर त्या दवाखान्यातच नोंद होते, म्हणून घरी सोडण्याआधी आईवडिलांची नावं आधार कार्डाप्रमाणे लिहिली आहेत का ते बापानं फोनवर अक्षर अक्षर तपासावं. 21 दिवसांच्या आत नोंद झाली की काहीच त्रास नसतो. त्यानंतर विलंब शुल्क, महिन्यानंतर परवानगी, आणि वर्ष उलटलं की जिल्हाधिकारी किंवा त्यांनी नेमलेल्या दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. 1 ऑक्टोबर 2023 पासून कायदा बदलला आहे. त्या दिवसापासून जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेश, मतदारयादी, ड्रायव्हिंग लायसन्स अशा कामांसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच द्यावा लागणार आहे. तान्ह्या बाळाच्या बाबतीत ‘बघू नंतर’ हे आता परवडणारं नाही.

मोठ्या माणसांचं काय? तीस-पस्तीस वर्षांपूर्वी घरी जन्मलेल्या कित्येकांची नोंदच नाही. ज्यानं माध्यमिक म्हणजे दहावीची परीक्षा दिली आहे त्याच्याकडे अ‍ॅडमिट कार्ड असतं आणि त्यावर जन्मतारीख छापलेली असते. बंगालमध्ये वयाचा पुरावा म्हणून हाच कागद सगळीकडे दाखवतात. आपल्याकडे शाळा सोडल्याचा दाखला जपतात, तिथे लोक अ‍ॅडमिट कार्ड जपतात. चौथीतच शाळा सुटली असेल तर प्राथमिक शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरातला नंबर आणि तारीख घालून मुख्याध्यापकांकडून लिहून घ्या. यातलं काहीच नसेल तर पंचायतीत रजिस्टर शोधायला लावा, आणि नोंद नाही मिळाली तर तसा अनुपलब्धता दाखला मागा. उशिराच्या नोंदीचं प्रकरण त्या कागदावरच उभं राहतं. एखादा दलाल यातलं काही न करता आठ दिवसांत जन्मदाखला आणून देतो म्हणाला, तर त्याच्या वाटेला जाऊ नका. खोटा दाखला सापडला तर खरा माणूसही खोटा ठरतो.

नावांचं स्पेलिंग हा मोठा विषय आहे. मैती कुठे एका तऱ्हेनं लिहितात, कुठे दुसऱ्या. शेख हे आडनाव कुठे पूर्ण, कुठे दोनच अक्षरांत. बिकाश नावाचा मुलगा मुंबईत येऊन विकास होतो, कारण फॉर्म भरणारा आपल्या कानानं भरतो. बाईच्या नावापुढे लग्नाआधी खातून आणि नंतर बीबी, नाहीतर माहेरचं आणि सासरचं आडनाव. नियम एकच ठेवा: शाळेच्या सगळ्यात जुन्या कागदावर जे स्पेलिंग आहे तेच पुढे सगळीकडे. मुंबईत भाडेकरार करताना, बँकेत खातं उघडताना, तुमच्या कारखान्याच्या हजेरीपटावरसुद्धा तेच. आधीच फरक पडला असेल तर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचा पंचायतीचा दाखला आणि दंडाधिकाऱ्यासमोरचं प्रतिज्ञापत्र जोडीनं ठेवा.

रेशन, दवाखाना

बंगालचं रेशन कार्ड मुंबईत चालतं का, हे मला सगळ्यात जास्त विचारलं जातं. कार्डावरचा प्रकार बघा. एएवाय (अंत्योदय), पीएचएच किंवा एसपीएचएच लिहिलं असेल तर ते राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याखालचं कार्ड आहे आणि ‘एक देश एक रेशन कार्ड’ योजनेत मुंबईतल्या कुठल्याही रेशन दुकानात अंगठा लावून धान्य मिळतं. बंगाल या योजनेत 2021 मध्ये आला. आरकेएसवाय लिहिलं असेल तर ते राज्याचं स्वतःचं कार्ड आहे, ते इथे चालत नाही. पीएचएच कार्डावर माणशी पाच किलो आणि अंत्योदयावर कुटुंबाला पस्तीस किलो, जानेवारी 2023 पासून हे फुकट आहे. कारागिरानं आपल्या वाट्याचं इथे घेतलं तरी गावी आईला तिच्या वाट्याचं मिळत राहतं. दुकानदार ‘बाहेरचं कार्ड चालत नाही’ म्हणाला तर वाद घालण्यापेक्षा त्याला मशीनमध्ये नंबर टाकायला सांगा. तरी नाही म्हणाला तर शिधावाटप कार्यालयात लेखी द्या. अन्नसुरक्षेच्या कार्डाची ई-केवायसी इथल्या दुकानातही होते, त्यासाठी कुणी गावाला जाऊ नये.

दवाखान्याचं थोडक्यात. गावात उपकेंद्र, तिथे नर्स, आणि घरोघरी फिरणारी आशा दीदी, आपल्यासारखंच. गरोदर बाई मुंबईहून निघण्याआधी आशा दीदीला फोन करून ठेवा आणि इथल्या प्रसूतिगृहातलं माता-बाल संरक्षण कार्ड सोबत द्या. लसी कुठल्या झाल्या ते त्यावरूनच कळतं. ‘स्वास्थ्य साथी’ ही बंगालची आरोग्य योजना 2016 च्या शेवटी सुरू झाली, कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत, आणि कार्ड घरातल्या बाईच्या नावावर. परळला टाटामध्ये उपचारांसाठी येणाऱ्यांनी ते इथे चालेल असं धरून चालू नये. निघण्याआधीच रुग्णालयाच्या समाजसेवा विभागाला विचारून घ्यावं.

काम कधी आणि कसं करायचं

फोनवर बोलणं कारागिरालाच करू द्या. त्याची बंगाली ऐकली की समोरचा माणूस मोकळा होतो. तुमची हिंदी ऐकली की त्याला कुणीतरी जाब विचारतंय असं वाटतं. तुम्ही शेजारी बसा, पत्त्याचा कागद समोर धरा, नंबर चुकत असेल तर खुणेनं सांगा. पंचायतीचे आणि ब्लॉकचे फोन जिल्ह्याच्या सरकारी संकेतस्थळावर मिळतात. गावी असलेल्या भावाच्या नावानं अधिकारपत्र लिहून द्या, खाली सही आणि दोघांच्या ओळखपत्रांच्या प्रती जोडा. घरपट्टीची शेवटची पावती भावाजवळ असू द्या. बाकी असेल तर आधी ती भरायला सांगतात आणि त्यात काही गैर नाही, मीही तेच सांगायची. विजेचं बिल जोडायचं असेल तर तिकडे घरगुती बिल तीन महिन्यांनी येतं, मागच्या महिन्याचं मागत बसू नका.

फॉर्म ऑनलाइन भरायचा असेल आणि गावी कुणाला जमत नसेल, तर 2020 पासून राज्य सरकारनं बांगला सहायता केंद्रं उघडली. ती ब्लॉकच्या कचेरीत, दवाखान्यात, ग्रंथालयात असतात आणि तिथे पैसे घेत नाहीत. सायबर कॅफेत जाण्याआधी तिथे चौकशी करा.

दुर्गापूजेला सगळेच गावी जातात आणि तेव्हाच कागद करू म्हणतात. पण पूजेत सरकारी कचेऱ्या लक्ष्मीपूजेपर्यंत बंदच असतात. त्यांची लक्ष्मीपूजा आपल्या कोजागिरीला. एरवीही शनिवार-रविवार बंद. घाटालकडे पावसाळ्यात शिलाबतीला पूर आला की गावात होडीनं फिरावं लागतं, तेव्हा कचेरीतली माणसं मदतकार्यात असतात. कालीपूजेनंतर, मार्गशीर्षापासून माघापर्यंतचे दिवस चांगले. मी गेले ते माघातच. सीएसएमटीहून गीतांजली, हावड्याला उतरून लोकलनं पांशकुडा, तिथून दासपूर-घाटालची बस. पोचल्यावर पहिला दिवस पंचायतीसाठी ठेवा, दुसरा ब्लॉकसाठी. जमिनीचं काम असेल तर बीएलआरओसाठी वेगळा दिवस धरा.

घरकुलाच्या यादीत किंवा एखाद्या योजनेत नाव लावायचं असेल तर घरच्या कुणीतरी ग्राम संसदेला जावं. प्रत्येक मतदारविभागाची ही सभा वर्षातून दोनदा, मे आणि नोव्हेंबरमध्ये होते. पुरुष मुंबईला म्हणून घरची बाई जात नाही, आणि नाव मागे पडतं. मी त्या गावात जिच्या घरी राहिले त्या सूनबाईला हे बजावून आले.

कागद हातात आला की तारीख, सही, गोल शिक्का आणि मेमो नंबर बघा. मेमो नंबर म्हणजे आपला जावक क्रमांक. तो नसलेला दाखला परत पाठवा, कारण उद्या मुंबईच्या पोलीस ठाण्यानं तिकडे खात्री करायला विचारलं तर जावक रजिस्टरात ती ओळ मिळणार नाही. नाव, बापाचं नाव, गाव, थाना, सगळं पुन्हा वाचून घ्या. मूळ कागद मुंबईला पाठवताना स्पीड पोस्टानं, कारखान्याच्या पत्त्यावर आणि ज्याच्या हाती पडेल त्याच्या नावानं पाठवायला सांगा. गाळ्यावर पोस्टमनला कुणी भेटलं नाही की पाकीट परत जातं. पोचल्यावर प्रती काढा. एक संच कारागिराजवळ, एक तुमच्याकडे, एक गावी वरच्या मजल्यावर प्लॅस्टिकच्या पिशवीत, पुराचं पाणी पोचणार नाही असा. डिजिलॉकरमध्ये जे जातं ते त्याच्याच फोनवरून, त्याच्याच हातानं घालून घ्या, आणि पासवर्ड त्याच्याकडेच राहू द्या.